यंत्राचा निर्णय आणि माणसाचे उत्तर

सरकारी पत्राखालची सही वाचता येत नाही, ही तक्रार जुनीच आहे. परंतु ती सही करणारा मनुष्य कोठेतरी बसलेला असतो आणि ‘हे असे का?’ असे त्याला विचारता येते. ज्याच्याविरुद्ध निर्णय द्यावयाचा त्याचे म्हणणे आधी ऐकावे आणि आदेश सकारण असावा, हे न्यायाचे दोन दंडक याच साध्या प्रश्नासाठी आहेत. निर्णय संगणकावर सोपवला म्हणून हे दंडक सुटत नाहीत. मात्र ते पाळावयाचे कोणी, हे अंधुक होऊन जाते.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव या बाबतीत मोठा बोलका आहे. तेथे बेकारभत्त्यासारखे साहाय्य पंधरवड्याच्या मिळकतीवरून ठरते. २०१६ पासून सरकारने या साहाय्याच्या नोंदी प्राप्तिकराच्या वार्षिक आकड्यांशी ताडून पाहण्याचे काम संगणकाकडे दिले. समजा, एखाद्याने सहा महिने नोकरी करून २६,००० डॉलर मिळवले. पुढचे सहा महिने तो बेकार होता आणि त्याने रीतसर भत्ता घेतला. संगणक २६,००० ला वर्षाच्या २६ पंधरवड्यांनी भागी आणि प्रत्येक पंधरवड्यापुढे १,००० डॉलर मांडी. म्हणजे बेकारीच्या दिवसांतही तो मनुष्य कमावता ठरला, आणि वसुलीचे पत्र निघाले! भागाकार बिनचूक होता. तो पुरावा म्हणून स्वीकारला गेला, ही चूक. आपण देणेकरी नाही हे सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच. त्यासाठी काही वर्षांपूर्वीच्या पगारचिठ्ठ्या हव्यात. हंगामी काम करणारा त्या जपून ठेवतो थोड्याच!

अशी पत्रे लाखो लोकांना गेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये संघीय न्यायालयाने एका खटल्यात ही रीत बेकायदेशीर ठरवली. २०२० मध्ये सरकारने सुमारे ७२ कोटी डॉलर परत करण्याचे जाहीर केले. २०२३ च्या चौकशी आयोगाने यंत्राला नव्हे, तर कायद्याचा सल्ला बाजूस सारणाऱ्या मंत्र्यांना व अधिकाऱ्यांना दोष दिला, हे योग्यच झाले.

या यंत्रणेत बुद्धी म्हणावी असे काही नव्हते. ती शाळकरी सरासरी होती, म्हणूनच तिच्यातील दोष दाखवता आला. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन-साहाय्याचे संशयास्पद अर्ज निवडणारी प्रणाली मात्र जुन्या नोंदींवरून स्वतः शिकणारी होती आणि डच नागरिकत्व नसणे हे तिच्या लेखी जोखमीचे लक्षण होते. अमुक अर्ज का निवडला, हे तपासणाऱ्या अधिकाऱ्यालाही कळत नसे. मग अर्जदाराला तो काय सांगणार? या साहाय्यप्रकरणावरून जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, काही अपवाद सोडल्यास, केवळ यंत्राने दिलेला गंभीर परिणामाचा निर्णय नाकारण्याचा हक्क नागरिकाला आहे. शेवटी एका कारकुनाने कळ दाबली की निर्णय माणसाचा होतो, अशी पळवाट यातून निघू पाहत होती. डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती बरीचशी बंद केली: यंत्राने दिलेल्या गुणांकावरच बँक प्रामुख्याने विसंबत असेल, तर तो गुणांक हाच निर्णय होय. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदासंरक्षण कायद्याने, ज्या माहितीवरून माणसाविषयी निर्णय होणार ती पूर्ण व अचूक ठेवण्याची जबाबदारी घातली आहे. यांत्रिक निर्णय नाकारण्याचा स्वतंत्र हक्क मात्र त्यात नाही. ऑस्ट्रेलियातील वार्षिक मिळकतीचे आकडेही अचूकच होते.