हवेतली सिगारेट आणि आपली लेकरे

"आमच्या घरात कुणी विडी-सिगारेटला शिवत नाही," असे आपल्या अनेक घरांतून अभिमानाने सांगितले जाते. पंचशील पाळणाऱ्या कुटुंबाला तो अभिमान शोभतोही. पण न पेटवलेली सिगारेट घरातले तान्हे मूलसुद्धा ओढत असेल तर?

हवेत धूर, काजळी आणि धूळ यांचे बारीक कण असतात. त्यांतल्या अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कणांना 'पीएम २.५' म्हणतात. आपल्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढा हा कण. नाक त्याला अडवू शकत नाही. तो फुप्फुसात खोल उतरतो, रक्तातही मिसळतो. दमा, हृदयविकार आणि कर्करोगाला तो हातभार लावतो.

अमेरिकेतील 'बर्कले अर्थ' या संस्थेने २०१५ साली एक सोपा हिशेब मांडला. एक घनमीटर हवेत असे कण सरासरी २२ मायक्रोग्रॅम असतील, तर त्या हवेत दिवसभर राहणे म्हणजे एक सिगारेट ओढणे. मृत्यूंच्या प्रमाणावरून काढलेला हा अंदाज आहे, काटेकोर माप नव्हे. म्हणून "हवेतून ओढतोच आहोत, मग एखादी विडी ओढली तर काय बिघडले?" असे कुणी म्हणू नये. ती विडी या हिशेबात वरून पडते.

'समीर' या सरकारी ॲपवर शहराचा हवा निर्देशांक पाहता येतो. मात्र तो आकडा थेट २२ ने भागू नये. निर्देशांक या कणांमुळे १०० झाला असेल, तर कण ६० मायक्रोग्रॅम असतात, म्हणजे पावणेतीन सिगारेटी. २०० ला ९० मायक्रोग्रॅम, म्हणजे चार. ३०० ला १२०, म्हणजे जवळपास साडेपाच! आणि १०० पर्यंतच्या हवेला आपल्याकडे 'समाधानकारक' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिवसाची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम ठरवली आहे.

२०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नाशिकचे नाव आहे. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर जात नाही, धूर तिथेच कोंडतो. सातपूर-अंबडला पाळी करणारा कामगार, रस्ता झाडणारी भगिनी, चुलीपुढे बसणारी माउली यांच्या वाट्याला तो जास्त येतो. बंद गाडीतून फिरणाऱ्याच्या वाट्याला कमी.

आपल्या हाती काय आहे? कचरा, प्लॅस्टिक, टायर जाळू नका. केर काढण्याआधी पाणी शिंपडा. चूल असेल तर धुराला वाट द्या. धुके दाटलेल्या पहाटे दमेकरी आणि लेकरांना बाहेर काढू नका. धुळीत काम असेल तर साध्या रुमालावर विसंबू नका, एन-९५ मास्क वापरा.

आणि वस्तीत कचरा जळत असेल तर महापालिकेकडे लेखी तक्रार करा. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याच्या पाण्यावरचा आपला हक्क बजावला. स्वच्छ हवेचा हक्कही मागितल्याशिवाय मिळणार नाही.

जय भीम!