तेरची यक्षी, नेपल्सचं कुलूप

पुणे जिल्ह्यातल्या न्हावऱ्याहून चौफुल्याला सोलापूर महामार्ग गाठला, की पुढे बार्शीमार्गे तेरला जाता येतं. धाराशिव जिल्ह्यातलं तेरणाकाठचं हे गाव वारकऱ्यांना गोरोबाकाकांचं म्हणून ठाऊक. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात मात्र ते ‘तगर’ आहे: पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं, भडोच बंदराला गाड्या भरभरून कापड धाडणारं.

रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केलेल्या वस्तूंवर इथलं सरकारी संग्रहालय उभं आहे. त्यात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. अंगावर दागिने भरपूर, वस्त्र जवळजवळ नाहीच. हिची बहीण शोभावी अशी मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या एका घरात सापडली. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं हे रोमन शहर. अभ्यासकांनी आधी त्या मूर्तीला लक्ष्मी म्हटलं, आता बहुतेक जण यक्षी म्हणतात. तेर आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या मूर्तींशी तिचं साम्य दिसल्यावर ती दख्खनची असावी, हे मत बळावलं.

पाँपेईकरांना तिचं अवघडलेपण वाटलं नसावं. तिथे दारावर, भिंतीवर, दिव्यांवरही लिंगचिन्हं असत. नजर लागू नये म्हणून. पण म्हणून रोम मोकाट होतं असं समजू नये. ऑगस्टस बादशहाने इ. स. पू. १८ मध्ये व्यभिचाराविरुद्ध कायदा केला आणि पुढे स्वतःच्या मुलीला, जूलियालाच हद्दपार केलं. कुलीन स्त्रीची अब्रू जपायची, गुलामाच्या देहाबाबत मात्र मालकाला मुभा, असा तो दुटप्पी हिशेब.

ख्रिस्ती विचारवंतांनी हा हिशेब बदलला. कार्थेजच्या टर्टुलियनने इ. स. २००च्या सुमारास बायकांच्या नटण्यामुरडण्यावर झोड उठवली. ऑगस्टीनने नग्नतेची लाज आदिपापाशी जोडली. त्याच परंपरेत वाढलेल्या नेपल्सच्या राजघराण्याने १८१९ मध्ये पाँपेईच्या ‘अश्लील’ वस्तू तिथल्या संग्रहालयाच्या एका खोलीत कुलूपबंद केल्या. कुलपं उघडत-मिटत राहिली. सर्वांसाठी ते दालन २००० मध्ये खुलं झालं. पाँपेईची ती यक्षीही त्याच दालनात ठेवलेली!

इकडे तेरला लज्जागौरीच्या मूर्तीही सापडल्या आहेत: पाय फाकवून बसलेल्या, मस्तकाच्या जागी कमळ असलेल्या. रा. चिं. ढेरे यांनी या मातृदेवतेवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. संग्रहालय पाहून झाल्यावर त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ चुकवू नये. त्याची मागची बाजू चैत्यगृहासारखी गोलाकार आहे.