पिल्लाची शू आणि आपला न्याय

मंडळी, गेल्या वेळी आपण ह्यूमपाशी थांबलो होतो. १७३९ सालच्या 'ट्रीटाइज'मध्ये त्यानं प्राण्यांच्या बुद्धीवर एक वेगळं प्रकरण घातलंय. प्राणी तर्क लढवत नाहीत, अनुभवानं एका गोष्टीमागून दुसरीची अपेक्षा करायला लागतात, असं त्याचं म्हणणं. व्याख्यान संपल्यावर एक बाई भेटल्या. म्हणाल्या, "सर, ह्यूम राहू द्या. दोन महिन्यांचं पिल्लू आणलंय, तिसऱ्या मजल्यावर राहतो, लशी पूर्ण झाल्या नाहीत म्हणून खाली नेता येत नाही. घरभर शू करतं. हे म्हणतात, रविवारी परत देऊन टाकू." तेव्हा आज त्याच प्रश्नावर बोलू. ह्यूम त्यातच येईल.

पहिली गोष्ट, दोन महिन्यांच्या पिल्लाला धरून ठेवताच येत नाही. ढोबळ हिशेब असा, की जितके महिने वय, त्यात एक मिळवा, फार तर तेवढे तास. म्हणजे इथे तीन तास, तेही झोपेत. जागं असताना, खेळताना, त्याहून पुष्कळच कमी. छोट्या जातीचं असेल तर आणखी कमी, कारण मूत्राशयच लहान. जे शरीराला जमत नाही त्याला आपण 'ऐकत नाही' म्हणतो, ही आपली चूक.

पण निसर्गानं एक मदत करून ठेवली आहे. पिल्लं साधारण तीन आठवड्यांची झाली, की झोपायच्या जागेपासून रांगत लांब जाऊन शू करायला लागतात. स्वतःचं अंथरूण घाण करायचं नाही, एवढं त्यांना आईकडूनच मिळालेलं असतं. मात्र त्यांच्या लेखी 'घर' म्हणजे ती गोधडी. तुमचा दिवाणखाना हे त्यांना माळरानच! म्हणून सुरुवातीला जागा लहान ठेवा. एक कोपरा अडवा, एका टोकाला अंथरूण, दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्र किंवा ट्रे. गॅलरी असेल तर उत्तम. आणि पायपुसणी उचलून ठेवा. पायाखाली मऊ, शोषून घेणारं काही लागलं की पिल्लू तिथेच बसतं. पायपुसणं आणि पेपर यांतला फरक त्याला कुणी सांगितलाय?

वेळा ठरलेल्याच असतात. झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, खेळ रंगात असताना. गोल फिरून जमीन हुंगायला लागलं की उचलायचं आणि पेपरवर नेऊन ठेवायचं. झालं, की लगेच शाबासकी आणि तोंडात खाऊचा कण. लगेच म्हणजे तिथल्या तिथे. स्वयंपाकघरातून डबा आणेपर्यंत पिल्लू दुसरंच काही करत असतं, आणि बक्षीस त्या दुसऱ्याला लागू होतं. ह्यूमची अपेक्षा ती हीच, एकामागून एक, जवळजवळ.

आता शिक्षा. मी स्वतः एकदा पेपरची सुरळी मारली होती. सकाळची शू, मी पाहिली दुपारी, मारलं दुपारी. पिल्लू कान पाडून, शेपूट आत घालून बसलं. मी म्हटलं, बघा, कळतंय याला! तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस मी. पुढच्या आठवड्यात ते माझ्यासमोर शू करेनासं झालं, सोफ्यामागे जाऊन करायला लागलं. पेपरवर नेलं तरी मी बाजूला होईपर्यंत करायचं नाही. म्हणजे ते शिकलं होतं, पण मी शिकवलेलं नव्हे. हा माणूस आणि शू एकत्र आले की मार बसतो, एवढंच.

त्या पडलेल्या कानांची परीक्षा अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी घेतली. २००९ सालचा निबंध आहे, कुत्री १४. खाऊ खायचा नाही असं मालकानं बजावून बाहेर जायचं. परत आल्यावर काय घडलं ते मालकाला कधी खरं सांगायचे, कधी खोटं. निष्कर्ष असा, की 'अपराधी' चेहरा कुत्र्यानं खाऊ खाल्ला की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. निरपराध कुत्रीही रागावल्यावर तसाच चेहरा करत होती.

आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ यज्ञाजवळ आलेल्या कुत्र्याला मारतात. त्याची आई सरमा येऊन विचारते, यानं हविर्द्रव्याला तोंड लावलं नाही, त्याकडे पाहिलंही नाही, मग मारलंत का? कुणाला उत्तर देता येत नाही. आणि मग ती शाप देते.

असो. शू फरशीवर झालीच तर मुकाट्यानं पुसा. नुसतं फिनेल पुरत नाही, आपल्याला फिनेलचा वास येतो, पिल्लाला खालचा. वास मुळापासून घालवणारा, एन्झाइमचा क्लीनर मिळतो, तो वापरा. अमोनियाचा मात्र नको, तो वास त्याला मूत्रासारखाच. आणि नाक घासणं वगैरे प्रकार आजपासून बंद.

बाईंच्या यजमानांना माझा निरोप एवढाच, की रविवार ही मुदत शरीरशास्त्रात बसत नाही. चार ते सहा महिन्यांपर्यंत अधूनमधून चुका होणारच. लशी पूर्ण झाल्या की पेपर हळूहळू दाराकडे सरकवत न्या, डॉक्टरांनी परवानगी दिली की खाली. आणि शिकलेलं पिल्लू अचानक पुन्हा घरात, थोडी थोडी, वारंवार शू करायला लागलं, तर रागावण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्या. मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो.