अयामारूचा मासा घरच्या टाकीत



आमच्याकडे आलेल्या एका आजींनी काचेच्या टाकीकडे पाहून विचारलं होतं, "दोन मासे जोडून एक केलाय का रे हा?" प्रश्न रास्तच होता. या माशाचा डोक्याकडचा अर्धा भाग निळसर राखाडी आणि शेपटीकडचा केशरी. नाव बोसेमनी रेनबो. 1980 साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली.

त्याचं मूळ घर इंडोनेशियाच्या पश्चिम पापुआतलं. तिथे अयामारू तळ्यांच्या काठी मायब्रात आदिवासी राहतात. रंग नराचा खुलतो, म्हणून 1980 नंतरच्या दशकात व्यापारासाठी तिथले नरच बेसुमार पकडले गेले. आज ही जात धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. त्यामुळे मी विचारून, घरी किंवा शेततळ्यात वाढवलेलेच मासे घेतो. आपणही तसंच करावं.

ठेवायला हा मासा अवघड नाही. नर साधारण चार इंचांचा होतो आणि सतत पळत असतो, म्हणून टाकी चार फूट लांब हवी. सहा-आठ मासे एकत्र ठेवावेत, त्यांत माद्या जास्त. टाकीवर झाकण हवंच. हे मासे उडी मारतात; माझा एक नर सकाळी फरशीवर वाळलेला सापडला, तेव्हा हे शिकलो. अयामारूचा भाग चुनखडीचा, तिथलं पाणी जड. आमचं कोकणातल्या विहिरीचं पाणी मात्र हलकं, म्हणून धुतलेल्या शिंपल्यांचा चुरा मी फिल्टरमध्ये ठेवतो. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलतो. नळाचं पाणी असेल तर त्यातल्या क्लोरीनचा बंदोबस्त आधी करावा.

आता माझी चूक सांगतो. सुरुवातीला मी याच टाकीत निळे रेनबोही सोडले होते. ते पापुआ न्यू गिनीतल्या कुतुबू तळ्याचे, म्हणजे वेगळ्याच जातीचे. दोन्हींच्या माद्या इतक्या सारख्या दिसतात की मला फरक कळेना. पिल्लं झाली, मी आनंदाने चार घरी वाटली. आठ-दहा महिन्यांनी पाहतो तर कुणालाच धड रंग नाही, ना निळा ना केशरी. संकर झाला होता. चारही घरी जाऊन ती पिल्लं पुढे कुणाला देऊ नका, असं सांगावं लागलं. शरमच वाटली. जी जात मुळातच कमी उरली आहे, तिच्या नावाखाली मी भलताच मासा वाटला होता. तेव्हापासून एका टाकीत रेनबोची एकच जात.

पैदाशीसाठी हिरव्या लोकरीचा झुपका बांधून टाकीत सोडतो. लोकर आधी उकळून घ्यावी, म्हणजे रंग सुटत नाही. सकाळी ऊन आलं की नर मादीभोवती फिरतो, त्याच्या कपाळावरची रेघ झगझगते. मादी रोज थोडी थोडी अंडी घालते. ती बारीक चिकट धाग्याने लोकरीला लटकतात. आठवडाभराने झुपका वेगळ्या लहान टाकीत हलवतो, नाहीतर थोरलेच अंडी-पिल्लं खातात. पाणी 25-26 अंशांवर असेल तर सात ते दहा दिवसांत पिल्लं बाहेर पडतात.

खरी कसोटी इथून पुढे. पिल्लू पापणीच्या केसाएवढं, पृष्ठभागालाच चिकटून राहणारं, तोंड त्याहून बारीक. दुकानातलं नेहमीचं खाद्य त्याला मोठं पडतं. अंडी घातली त्याच दिवशी मी पेंढा पाण्यात भिजत घालतो. आठवड्यात त्यात सूक्ष्म जीव तयार होतात. ते पाणी चमचा-चमचा देतो. साधारण दोन आठवड्यांनी नुकतेच फुटलेले आर्टेमिया. खाणं थोडं पण वारंवार. उरलेलं कुजलं तर एका रात्रीत सगळी पिल्लं जातात, आणि माझी तशी दोनदा गेली आहेत.

रंग यायला मात्र महिने लागतात. दुकानातली लहान पिल्लं चांदीसारखी फिकी दिसतात, म्हणून गिऱ्हाईक त्यांच्याकडे बघतही नाही.

सध्या माझ्याकडे बावीस पिल्लं आहेत, सगळी फिकी. ती देताना पिशवीवर जातीचं नाव आणि तळ्याचं नावही लिहिणार आहे.