एक भट्टी, अनेक धनी

चैत्राच्या पहांटे गोंदिया जिल्ह्यांतील रानांत मोहाच्या झाडांखालीं टोपल्या घेऊन माणसें जमतात. गळलेलीं मांसल फुलें वेंचावयाचीं, अंगणांत वाळवावयाचीं, कांहीं घरीं ठेवून बाकीचीं बाजारास न्यावयाचीं. या फुलांत साखरेचा अंश भरपूर. तीं भिजविलीं कीं आंबतात आणि तो सडवा भट्टीवर चढविला कीं दारू उतरते. कृति इतकी सोपी, म्हणूनच ती कोणीं, कोठें व कोणाच्या नजरेखालीं करावी, हा सरकारपुढील जुना प्रश्न आहे.

गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९९ सालीं. तत्पूर्वीं हा मुलूख भंडारा जिल्ह्यांत, आणि ब्रिटिश अमदानींत मध्यप्रांतांत मोडत असे. एकोणिसाव्या शतकांत त्या प्रांतांत दोन पद्धति चालत. एकींत गांवोगांवच्या भट्ट्यांचा मक्ता लिलावानें दिला जाई. मक्तेदारानें रक्कम भरली, कीं दारू किती गाळली हें कोणी मोजीत नसे. अर्थात् खप वाढेल तितका त्याचा नफा. दुसरी पद्धति सदर भट्टीची. सरकार एक आवार भिंतीनें बंदिस्त करी. आंत निरनिराळे गाळणारे आपापलीं भांडीं मांडीत व आपापल्या फुलांची दारू गाळीत. भांडें ज्याचें त्याचें, पण दरवाजा सरकारचा! दारू बाहेर पडतांना तिचें माप व कडकपणा पाहून कर घेतला जाई.

हिशेबाच्या दृष्टीनें ही युक्ति चोख होती. परंतु त्या भिंतीआड येण्यास बैलगाडी, भांडवल व सवड लागे. रानांतल्या माणसापाशीं यांपैकीं काय असणार? घरची भट्टी मात्र गुन्हा ठरली. पुढें १९०५-०६ च्या आबकारी समितीनें एका ठेकेदारानें ठराविक प्रदेशास ठराविक दरानें दारू पुरवावी, ही पद्धति उचलून धरली आणि लहान गाळणारा अधिकच मागें पडला.

१९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५९ सालीं विदर्भास लागू झाला. मोहफुलांवरील निर्बंध महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं शिथिल केले. फूल मोकळें झालें. दारू गाळण्यास परवाना लागतोच. त्यामुळें फुलें वेंचणाऱ्या चार गटांनीं मिळून एकच भट्टी वापरावी काय, हा प्रश्न केवळ कायदेपंडितांचा राहत नाहीं. प्रत्येकानें स्वतंत्र कारखाना उभारणें त्यांच्या आवांक्याबाहेरचें आहे.

अमेरिकेंत याची एक रीत आहे. एकच जागा दोन उत्पादक पाळीपाळीनें वापरतात, पण परवाना, दप्तर व कर ज्याचा त्याचा. ज्याची पाळी त्याची जबाबदारी. याउलट, कारखानदारानेंच दुसऱ्याच्या नांवावर माल काढून दिला, तर कायद्याच्या नजरेंत उत्पादक कारखानदारच असतो. हा भेद वरवर क्षुल्लक दिसतो, पण माल दूषित निघाला वा कर थकला, कीं जाब कोणास विचारावा, हें त्यावरच ठरतें.

खरी अडचण भट्टीपेक्षां कोठारांत आहे. भांडें धुवून दुसऱ्याच्या हवालीं करतां येतें. परंतु दोघांची दारू एकाच टांकींत ओतली, कीं ती वेगळी करतां येत नाहीं. म्हणून पिपें निराळीं, त्यांवर खुणा निराळ्या, आणि दर खेपेची नोंद निराळी ठेवावी लागते. एवढें करूनही लांकडी पिपांतून कांहीं दारू हवेंत उडून जातेच. ती तूट कोणाच्या खात्यावर मांडावी, हें पहिलें पीप आंत येण्यापूर्वींच लिहून ठेवलेलें बरें. नाहीं तर वर्षअखेरीस आबकारी निरीक्षक मापें काढूं लागला, कीं प्रत्येक धनी शेजाऱ्याच्या पिपाकडे बोट दाखवूं लागेल.