तीनशे फुटांची ओढ

आपल्याकडे जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आणि बैलगाड्यांच्या शर्यती डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात, म्हणजे इंडियाना, ओहायो, इलिनॉय या राज्यांत, उन्हाळ्यात जिल्ह्याजिल्ह्याच्या अशाच जत्रा भरतात. जनावरांची प्रदर्शने असतात, मुरंब्यांच्या स्पर्धा असतात, पाळणे असतात, आणि एका संध्याकाळी मैदानात ‘ट्रक पुलिंग’ असते. गाडीमागे एक अवजड बोजा जोडायचा आणि तो मातीतून जितका लांब ओढता येईल तितका ओढायचा. इथे वेळ मोजत नाहीत, अंतर मोजतात.

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे इंडियानात राहिलो. माझे शेजारी साठीला आलेले शेतकरी होते. मका, सोयाबीन आणि थोडी गुरे. त्यांच्या कोठारात १९९६ सालचा एक डिझेल पिकअप होता, वडिलांनी नवा घेतलेला. वडील गेले आणि त्या वर्षी यांच्या मनाने घेतले, की हा पिकअप जत्रेत ओढीला उतरवायचा. अडचण एकच होती. गुरांचा ट्रेलर बाजाराला नेणारी घरातली गाडीही तीच होती. शनिवारी शर्यत करून सोमवारी ती पुन्हा कामाला लागायला हवी होती. मी इंजिनिअर म्हणून मदतीला गेलो आणि तीन उन्हाळे त्यांच्याकडून शिकत राहिलो.

आधी हा खेळ काय आहे ते पाहू. याची सुरुवात घोड्यांपासून झाली. कोणाची जोडी जास्त ताकदीची, यावर शेतकऱ्यांच्या पैजा लागत. कोठाराचे जाड फळ्यांचे दार काढून जमिनीवर टाकायचे, त्याला घोडे जुंपायचे आणि घोडे पुढे जातील तसे वाटेत उभे असलेले लोक एकेक करून त्या दारावर चढायचे. आपल्याकडे मैंद मारताना शेतकरी त्यावर उभा राहतो, तसेच. पुढे घोड्यांच्या जागी ट्रॅक्टर आले. यंत्रांच्या पहिल्या स्पर्धा १९२९ च्या सुमाराच्या सांगतात. १९६९ मध्ये नियम एकसारखे करण्यासाठी तिथे राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पिकअप गाड्या त्यानंतर या मैदानात आल्या.

दारावर चढणाऱ्या माणसांचे काम आता ‘स्लेड’ करतो. हे लोखंडी धूड मागच्या बाजूने चाकांवर असते. पुढच्या बाजूला मात्र चाके नाहीत. तिथे एक भला मोठा पोलादी तवा जमिनीला टेकलेला असतो. वजनांनी भरलेली पेटी सुरुवातीला मागच्या चाकांवर असते, त्यामुळे स्लेड सहज हलतो. पण चाके फिरू लागली की साखळीने ती पेटी पुढे सरकत येते आणि सगळा भार हळूहळू तव्यावर पडतो. तवा माती खरवडू लागतो. वजन तेवढेच राहते, घर्षण मात्र फुटाफुटाला वाढते. तीनशे फूट, म्हणजे साधारण ९१ मीटर अंतर पार केले की ‘फुल पुल’ झाली असे म्हणतात. दोघांनी ती केली, तर स्लेडवर आणखी वजन चढवून दोघांना पुन्हा ओढायला लावतात. सगळा खेळ दहा-पंधरा सेकंदांचा. शेवटच्या पन्नास फुटांत जमिनीची पकड कमी पडू लागते, तेव्हा आधी घेतलेला वेगच गाडीला पुढे नेतो.

आता तुम्ही विचाराल, यासाठी जुनीच गाडी का? याचे उत्तर इंजिनात आहे. कमिन्स कंपनीने १९८० च्या दशकात ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरचे एक इंजिन बाजारात आणले. ते मुळात शेतीची यंत्रे आणि ट्रक यांच्यासाठी होते. १९८९ पासून ते डॉज पिकअपमध्ये बसू लागले. तेव्हा त्याची ताकद होती १६० अश्वशक्ती. १९९४ पासून त्याला बॉश कंपनीचा एका ओळीत सहा प्लंजर असलेला डिझेल पंप आला आणि १९९६ ते १९९८ च्या हाताने गिअर टाकायच्या गाड्यांत ताकद २१५ वर गेली. प्रत्येक सिलिंडरला दोन, असे एकूण बारा व्हॉल्व्ह, म्हणून लोक त्याला ‘ट्वेल्व्ह व्हॉल्व्ह’ म्हणतात. इंधनाचा हिशेब करणारा संगणक त्यात नाही. पाना-पकड घेऊन, कोठाराच्या दारात बसून जो बदल करायचा तो करता येतो.

हे इंजिन आपल्याला अगदीच परके नाही. कमिन्सचे मुख्यालय इंडियानातल्याच कोलंबस गावी आहे आणि पुण्याशी तिचे नाते १९६२ पासूनचे, किर्लोस्करांबरोबरच्या भागीदारीचे. जमशेदपूरला टाटा-कमिन्सची कंपनी १९९३ मध्ये स्थापन झाली आणि याच कुळातली ५.९ लिटरची इंजिने टाटांच्या ट्रकमध्ये आली. शेजाऱ्यांच्या पिकअपचे बॉनेट मी पहिल्यांदा उघडले, तेव्हा मला पुणे-सातारा रस्त्यावरचा एखादा ट्रक उघडल्यासारखे वाटले.

पहिल्या उन्हाळ्यात आमच्याकडून नवशिक्यांची नेहमीची चूक झाली. डिझेल इंजिनाची ताकद वाढवायची तर जास्त डिझेल फवारायचे, हे खरे आहे. पंपात इंधनाची मर्यादा ठरवणारी एक छोटी पोलादी पट्टी असते. ती थोडी सरकवली की डिझेल वाढते. ते काम एका संध्याकाळचे. जत्रेत गाडी सुटली, काळ्या धुराचा लोट उठला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि अर्ध्या अंतरावर गाडी उभी राहिली. इंजिन गर्जत होते, चाके मात्र फिरत नव्हती. जळक्या क्लचप्लेटचा वास पार प्रेक्षकांपर्यंत गेला. मूळचा क्लच मूळच्या ताकदीसाठी बनवलेला होता. वाढलेली ताकद त्याच्यावरून नुसती घसरून गेली.

दुसऱ्या वर्षी दोन प्लेटांचा जाड क्लच बसवला. यंदा क्लच टिकला, पण पुढच्या अॅक्सलमधला क्रॉस तुटला. जी ताकद आधी क्लचमध्ये घसरून जात होती, ती आता पुढे पोचली आणि साखळीतली पुढची कच्ची कडी तिने शोधून काढली. घरी परतताना शेजारी म्हणाले, “आपण गाडी बांधत नाही आहोत, तिच्यात पुढे काय मोडणार ते दर वर्षी पैसे देऊन शोधतो आहोत.”

तिसऱ्या वर्षी आम्ही आधी कागद-पेन्सिल घेतली. पहिला प्रश्न होता, वर्ग कोणता? या स्पर्धांमध्ये बऱ्याच ठिकाणी टर्बोच्या तोंडाच्या मापावरून वर्ग पडतात. सर्वांत खाली कामाच्या गाड्यांचा वर्ग, मग अडीच इंच तोंडाचा, मग २.६ इंचांचा, आणि त्यावर तीन इंचांचा. तोंड जेवढे मोठे तेवढी हवा जास्त, आणि हवा जास्त तेवढे डिझेल नीट जाळता येते. प्रत्येक जत्रेचे नियम थोडे वेगळे असतात, म्हणून पहिला सुटा भाग विकत घेण्यापूर्वी नियमांची प्रत मागवायची. वर्ग ठरण्याआधी मोठा टर्बो घेणारा माणूस स्वतःहून अशा गाड्यांमध्ये जाऊन उभा राहतो, ज्या फक्त शर्यतीसाठीच बांधलेल्या असतात. आम्ही खालचा वर्ग धरला.

दुसरा प्रश्न पकडीचा. गाडी ओढते ती चाकांच्या जमिनीवरच्या पकडीने, आणि ती पकड चाकांवरच्या भारावर अवलंबून असते. बऱ्याच वर्गांत चालकासह गाडीच्या वजनाची मर्यादा आठ हजार पौंड, म्हणजे सुमारे ३,६०० किलो असते. हे वजन कुठे ठेवायचे, यात खरे कौशल्य आहे. स्लेड मागे खेचतो तसा गाडीचा मागचा भाग दबतो आणि पुढचा उचलला जातो. चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीची पुढची चाके हवेत गेली तर निम्मी मेहनत वाया. म्हणून बंपरपुढे लोखंडी वजने टांगतात. हुक जितका उंच तितका हा परिणाम जास्त, म्हणून त्याची उंची जमिनीपासून सहसा २६ इंचांपर्यंतच ठेवू देतात. मागचे कमानपाटे दबले की हुक खाली जातो आणि चाके उड्या मारू लागतात. त्यासाठी, नियमात बसत असेल तर, अॅक्सल आणि चेसिस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालून ते दबणे थांबवतात. टायरमधली हवा, वजनांची जागा आणि हुक यांवर आम्ही दोन रविवार घालवले. खर्च जवळजवळ शून्य झाला, आणि इंजिनाला हात न लावता गाडी पूर्वीपेक्षा चांगली ओढू लागली.

तिसरा प्रश्न इंजिनाचा, आणि इथे एक बदल दुसऱ्याला ओढून आणतो. ओढीत चाकांचा वेग हवा असतो, पण पंपाचा गव्हर्नर मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या पुढेमागे डिझेल तोडू लागतो. म्हणून गव्हर्नरच्या स्प्रिंगा बदलतात. फेऱ्या वाढल्या की व्हॉल्व्हच्या मूळ स्प्रिंगा कमी पडतात आणि व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाहीत. म्हणून त्याही बदलायच्या. डिझेल फवारण्याची वेळ थोडी अलीकडे आणली तर ताकद वाढते, पण सिलिंडरमधला दाबही वाढतो आणि हेड वर उचलू पाहते. मग गॅस्केट जाऊ नये म्हणून हेडच्या बोल्टांच्या जागी मजबूत स्टड घालायचे. या इंजिनाचे जाणकार आणखी एक गोष्ट आधी करतात. पुढच्या टायमिंग गिअरच्या घरात एक लहानशी पोलादी पिन असते. वर्षानुवर्षांच्या कंपनाने ती सैल होऊन गिअरमध्ये पडू शकते. तिच्यावर छोटी पट्टी बसवून ती जागेवर राहील असे करतात. हजारो डॉलरचे सामान घालण्यापूर्वी या किरकोळ कामाला एक दुपार द्यावी.

सुरक्षेची बाब हौशी माणसे शेवटी ठेवतात. खरे तर ती आधी यायला हवी. टर्बोचे पाते मिनिटाला लाखाच्या घरात फेऱ्या घेते. ते फुटले तर तुकडे धुराड्यातून गोळ्यांसारखे सुटतील, म्हणून धुराड्यात दोन बोल्ट फुलीसारखे आडवे घालतात. क्लचच्या घराभोवती आणि फिरत्या शाफ्टभोवती कवच असते. डिझेलचा आणखी एक धोका आहे. टर्बोचे सील गेले तर इंजिन स्वतःचेच वंगणतेल पिऊन धावत सुटते. किल्ली फिरवून ते थांबत नाही. त्याची हवा बंद करणे हाच उपाय. म्हणून बऱ्याच वर्गांत हवेच्या वाटेवर एक झडप बसवतात आणि तिची तार स्लेडला जोडतात. हुक तुटला तर तार ओढली जाते, झडप पडते आणि इंजिन जागीच गुदमरते.

या टप्प्यावर मित्रमंडळींनी आग्रह धरला, की आता एवढे केलेच आहे तर मोठा टर्बो घाला, वरच्या वर्गात या. शेजारी दोन रात्री विचार करत होते. मी त्यांना तापमानाचा हिशेब मांडून दाखवला. ओढीच्या वेळी धुराचे तापमान सातशे अंश सेल्सिअसच्या वर जाते. पिस्टन ॲल्युमिनियमचे, शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळते. खालून होणारा तेलाचा फवारा आणि अवघ्या दहा-पंधरा सेकंदांचा वेळ, यामुळे पिस्टन वाचतात. पण तोच वाढवलेला पंप घेऊन, मागे गुरांचा ट्रेलर लावून लांब चढ चढायचा म्हटले तर तेच तापमान पाच-दहा मिनिटे राहील, आणि तेवढ्यात पिस्टन जाईल. शिवाय भसाभसा काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेले डिझेल. ते पैशांचे नुकसान आहेच, पण श्वास घेणाऱ्या सर्वांचेही आहे. रस्त्यावरच्या गाडीचे प्रदूषण रोखणारे भाग काढायला तिथल्या कायद्याने मनाईही आहे. शेवटी त्यांनी टर्बोचा विचार सोडला. त्याऐवजी धुराचे तापमान दाखवणारा काटा डॅशबोर्डवर बसवला आणि पंपाची मर्यादा त्या काट्याकडे पाहून ठरवली.

तिसऱ्या जुलैत गाडी सुटली तेव्हा धूर थोडाच होता. टाळ्याही पहिल्या वर्षीपेक्षा कमी पडल्या. तीनशे फुटांना थोडे कमी पडले आणि त्यांचा तिसरा नंबर आला. काहीही मोडले नाही. स्लेडवाल्याने हुक सोडल्यावर शेजारी खाली उतरले, गाडीखाली वाकून एकेक क्रॉस हाताने हलवून पाहिला आणि मगच बक्षीस घ्यायला गेले.

सोमवारी सकाळी खिडकीतून पाहिले, तर त्यांनी पुढची लोखंडी वजने काढून कोठाराच्या भिंतीला रांगेने लावली होती, मागचे ठोकळे सोडवले होते आणि ट्रेलर जोडला होता. ट्रेलरमध्ये चार वासरे होती. मला पाहून त्यांनी हात हलवला आणि पिकअप नेहमीच्या आवाजात बाजाराच्या रस्त्याला लागला.