‘आर’ प्रणालीतील माहितीचे आकारमान आणि कार्यक्षमता
‘आर’ ही विनामूल्य संख्याशास्त्रीय संगणकप्रणाली सर्वसाधारणपणे विश्लेषणाची संपूर्ण माहिती संगणकाच्या रॅममध्ये ठेवते. प्रत्येक दशांश संख्येस ८ बाइट लागतात. म्हणजेच १ कोटी नोंदी व १० स्तंभ यांस सुमारे ८०० मेगाबाइट जागा लागते. विश्लेषण करताना माहितीच्या प्रती तयार होत असल्याने ही गरज दुप्पट-तिप्पट होऊ शकते. म्हणून आवश्यक तेवढेच स्तंभ वाचावेत, पूर्णांक ४ बाइटच्या प्रकारात साठवावेत आणि काम संपलेले घटक ‘आरएम’ आज्ञेने काढून टाकावेत. केवळ संगणक थांबतो म्हणून शेवटच्या नोंदी वगळल्यास निष्कर्षच बदलू शकतात. अशा वेळी यादृच्छिक नमुना निवडावा व तसे प्रबंधात स्पष्ट नमूद करावे.